दगडी मंदिराची झीज लेझर स्कॅनरने मोजताना: तयारी, कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

जुन्या मंदिराचं लेझर स्कॅनिंग झालं की अहवालात एक रंगीत नकाशा येतो. लाल म्हणजे दगड झिजला, निळा म्हणजे काहीतरी वाढलं. त्यातला बराच लाल-निळा रंग दगडामुळे नाही, तर मोजणीतल्या चुकांमुळे आलेला असतो. त्यावर विसंबून कुठे रसायन फासलं जातं, कुठे दगड बदलला जातो, आणि असं काम नंतर परत फिरवता येत नाही.

हा लेख ट्रायपॉडवर ठेवायच्या स्थलीय लेझर स्कॅनरबद्दल आहे: हे यंत्र लेझरने अंतर मोजून पृष्ठभागावरचे असंख्य बिंदू टिपतं. पृष्ठभागाची झीज, पापुद्रे सुटणं, फुगवटा आणि ओल यांचा अभ्यास त्यातून कसा करायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणासाठी सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर डोळ्यांसमोर ठेवा: काळ्या बेसाल्टमधलं यादवकालीन पंचायतन (मधे मुख्य मंदिर, चार कोपऱ्यांत उपमंदिरं), उंच जोतं, बारीक थरांचा मंडोवर (मंदिराची बाहेरची भिंत) आणि वर निमुळतं होत जाणारं भूमिज शैलीचं शिखर. अशा वास्तूत स्कॅनरच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एका जागी भेटतात.

## १. प्रश्न मिलिमीटरमध्ये लिहा

‘दगडाची स्थिती पाहायची आहे’ एवढ्यावर स्कॅनर भाड्याने आणू नका. नेमकं वाक्य लिहा. उदाहरणार्थ: ‘मंडोवराच्या दक्षिण बाजूला पापुद्रे सुटून गेलेली खोली ५ मिमीपेक्षा जास्त कुठे आहे?’ किंवा ‘पुढच्या ५ वर्षांत ३ मिमीपेक्षा जास्त झीज कुठे होते?’

पहिल्या प्रश्नाला एक स्कॅन पुरतो, कारण शेजारचा शाबूत राहिलेला घडीव दगडच संदर्भ म्हणून वापरता येतो. दुसऱ्याला दोन खेपा, म्हणजे वेगवेगळ्या वेळी केलेली दोन पूर्ण स्कॅनिंगं, लागतात आणि दोन्ही एकाच चौकटीत बसवाव्या लागतात. दोन्ही प्रश्नांची तयारी वेगळी असते. एका प्रश्नासाठी गोळा केलेली माहिती नंतर दुसऱ्यासाठी ताणली की घोळ सुरू होतो.

## २. चुकांचं अंदाजपत्रक आधी मांडा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. कमीत कमी किती बदल ‘दिसला’ असं म्हणता येईल, याचा हिशेब मंदिरात पाऊल टाकण्याआधी कागदावर करता येतो.

रीत अशी. दोन्ही खेपांमध्ये भिंतीच्या एका लहान तुकड्यावर बिंदू किती मिमी विखुरलेले असतील, ते मानक विचलन घ्या. प्रत्येकाचा वर्ग करून त्या तुकड्यातल्या बिंदूंच्या संख्येने भागा. दोन्हींची बेरीज करून वर्गमूळ काढा. त्यात दोन खेपा एकमेकींवर बसवण्यातली चूक, म्हणजे रजिस्ट्रेशनची चूक, मिळवा. आलेल्या आकड्याला १.९६ ने गुणा. ही ९५ टक्के खात्रीची मर्यादा झाली.

आता आकडे घालून पाहू. विचलन दोन्ही वेळी २ मिमी, तुकड्यात ३० बिंदू, रजिस्ट्रेशनची चूक १.५ मिमी. वर्गमूळ येतं ०.५२, त्यात १.५ मिळवले की २.०२, आणि १.९६ ने गुणल्यावर जवळपास ४ मिमी. म्हणजे ४ मिमीपेक्षा कमी झीज या कामातून सिद्ध होणार नाही.

बिंदू दसपट, म्हणजे ३०० केले तर मर्यादा ३.३ मिमीवर येते. पण बिंदू ३० च ठेवून रजिस्ट्रेशनची चूक ०.५ मिमीवर आणली, तर ती थेट २ मिमी होते. बिंदूंची संख्या वाढवून स्कॅनरचा नॉइज (बिंदूगणिक इकडे-तिकडे होणारी चूक) सरासरीत विरतो, रजिस्ट्रेशनची चूक विरत नाही. वेळ आणि पैसा कुठे घालायचा, याचं उत्तर या एका हिशेबात आहे: महागड्या रिझोल्यूशनवर नव्हे, नियंत्रण बिंदूंवर, म्हणजे न हलणाऱ्या संदर्भ-खुणांवर.

विचलनाच्या आकड्यात दगडाचा स्वतःचा खडबडीतपणाही येतो. घडीव बेसाल्टवर तो कमी असतो. जांभ्यावर तो फार मोठा असतो. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझूस बासिलिकेचं चुन्याचं प्लास्टर १९५० च्या दशकात काढलं गेलं आणि आतला जांभा उघडा पडला. तशा सच्छिद्र, खड्ड्याखड्ड्यांच्या पृष्ठभागाला बेसाल्टवरून काढलेली मर्यादा लावता येत नाही. हिशेब नव्याने करा.

तपासणी: मर्यादा तुमच्या प्रश्नातल्या मिमीच्या निम्म्यापर्यंत येत नसेल, तर पद्धत बदला किंवा प्रश्न बदला. स्कॅन करून बघू, असं म्हणू नका.

## ३. परवानगी, ऋतू आणि वेळ

संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायलाही लेखी परवानगी लागते. केंद्र संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची. अर्जात टार्गेट (स्कॅन जुळवण्यासाठी ठेवायच्या खुणा) कुठे आणि कशावर ठेवणार, तेही लिहा. भिंतीवर काहीही चिकटवणार नाही, हे वाक्य त्यात असायलाच हवं, आणि ते पाळायलाही हवं.

ऋतूची निवड हा कामाचाच भाग आहे. पावसाळ्यात बेसाल्टवर शेवाळ चढतं, सांध्यांतून गवत आणि पिंपळाची रोपं येतात. ऑक्टोबरमधला स्कॅन मे महिन्यातल्या स्कॅनशी ताडला तर अर्धी भिंत ‘वाढलेली’ दिसेल. दोन्ही खेपा एकाच ऋतूत करा. महाराष्ट्राच्या पठारावर जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात सोयीचे: दगड कोरडा, गवत वाळलेलं, हवा स्थिर.

उन्हाळ्यात दुपारी काम करू नका. अनेक स्कॅनरची कामाच्या तापमानाची वरची मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते, आणि तापलेल्या काळ्या दगडालगतची हवा थरथरत असल्याने नॉइजही वाढतो. पहाट किंवा सूर्यास्तानंतरची वेळ घ्या. स्कॅनर खोक्यातून काढल्यावर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या आणि पहिला स्कॅन केवळ यंत्र स्थिरावण्यासाठी घेऊन बाजूला टाका.

इशारा: शिखरावर किंवा छज्जाखाली आग्या मोहोळ आहे का, ते आदल्या दिवशी दुर्बिणीने पाहा. असेल तर त्या बाजूचं काम पुढे ढकला.

## ४. नियंत्रण बिंदू: इथे घाई नको

दोन खेपा एकमेकींवर बसवायच्या तर न हलणारे बिंदू हवेत. दख्खनमध्ये ते मिळवणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण पायाखाली बहुधा काळी माती असते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते. तिच्यात ठोकलेली लोखंडी खुंटी ऋतूगणिक काही मिलिमीटर सहज सरकते. म्हणजे जेवढा बदल मोजायचा, तेवढाच संदर्भ हललेला.

१. मंदिराभोवती किमान ५-६ बिंदू ठरवा. ते एका ओळीत नकोत, चारही बाजूंना आणि शक्य तर वेगवेगळ्या उंचीवर असावेत.
२. खोदाई करून मुरूम किंवा पक्का खडक लागेपर्यंत खाली जा आणि तिथून काँक्रीटचा खांब वर आणा. स्मारकाच्या आवारात खोदाईची परवानगी नसेल, तर आवाराबाहेर उघडा पडलेला खडक शोधून त्यावर खूण करा.
३. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र) बंद ट्रॅव्हर्स घ्या, म्हणजे एकेक बिंदू मोजत सुरुवातीच्या बिंदूवर परत या. कोनाची अचूकता १ किंवा २ कोनीय सेकंदांची असावी, आणि प्रत्येक बिंदू दोन्ही फेसवर (दुर्बीण सरळ आणि उलटवून) वाचावा.
४. पुढच्या खेपेला स्कॅनर उघडण्याआधी हे बिंदू पुन्हा मोजा. जो बिंदू आपसात जुळत नाही तो वगळा. म्हणूनच तीन बिंदूंवर भागवायचं नाही.

टार्गेट म्हणून काळ्या-पांढऱ्या चौकटींचे फलक किंवा सुमारे १४-१५ सेंमी व्यासाचे पांढरे गोळे स्टँडवर ठेवा. दोन-तीन टार्गेट रजिस्ट्रेशनमध्ये मुळीच वापरायची नाहीत. ती पुढे पडताळणीसाठी लागतील. वहीत त्यांच्यापुढे आत्ताच तशी खूण करून ठेवा.

## ५. स्कॅनरच्या जागा

लेझर भिंतीवर सरळ पडला तर ठिपका गोल असतो. तिरका पडला की तो लांबट होतो, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि नॉइज वाढतो. ६० अंशांच्या तिरकेपणावर ठिपक्याची लांबी दुप्पट होते. पृष्ठभागाच्या अभ्यासासाठी ४५ अंशांच्या आत राहा.

यंत्र १.५ मीटर उंचीवर आहे असं धरू. ६ मीटर उंच भिंतीसमोर ६ मीटरवर उभं केलं तर वरच्या कडेला कोन ३७ अंश येतो, चालतं. त्याच जागेवरून १५ मीटर उंचीचा शिखराचा भाग पाहिला तर कोन ६६ अंश होतो आणि ती माहिती पृष्ठभागासाठी निरुपयोगी ठरते. १५ मीटर मागे गेलात तर तोच कोन ४२ अंश होतो. म्हणून एका बाजूला दोन रांगा लागतात: भिंतीसाठी जवळची, शिखरासाठी लांबची.

लांब गेल्यावर ठिपका मोठा होतो, ते विसरू नका. यंत्राच्या तोंडाशी किरण ६ मिमीचा आणि पसरण ०.५ मिलिरेडियन (दर मीटरला ०.५ मिमी) असेल, तर १० मीटरवर ठिपका ढोबळमानाने ११ मिमी आणि २० मीटरवर १६ मिमी. माहितीपत्रकात पसरण पूर्ण कोनाची दिली आहे की अर्ध्या कोनाची, ते नीट वाचा. तिथेच दुप्पट फरक पडतो.

जमिनीवरून काही भाग दिसतच नाहीत: जोत्याच्या थरांची वरची सपाट पाठ, कपोताच्या (पुढे आलेल्या गोलसर थराच्या) मागचा खाचा, उपमंदिरांच्या आडोशाचा भाग. पंचायतनात चार कोपऱ्यांतली उपमंदिरं मुख्य मंदिराला झाकतात, त्यामुळे मधल्या बोळांत जादा जागा ठरवाव्या लागतात. जे दिसत नाही ते नकाशावर ‘माहिती नाही’ म्हणून करड्या रंगात दाखवा. संगणकाला ती भोकं भरू देऊ नका. पाणी नेमकं तिथेच साचतं आणि दगड नेमका तिथेच सुटतो.

तपासणी: प्रत्येक जागेवरून किमान ४ टार्गेट दिसतात का? शेजारच्या जागेशी किमान ३० टक्के भाग सामाईक आहे का? कागदी आराखड्यावर खूण करूनच पुढे जा.

## ६. स्कॅन घेताना

रिझोल्यूशन ठिपक्याच्या हिशेबाने ठेवा. ठिपका ११ मिमीचा असताना १.५ मिमीवर एकेक बिंदू घेतला तर शेजारचे बिंदू बहुतांशी तोच दगड पुन्हा पाहतात. नॉइज सरासरीत काढायला त्याची थोडी मदत होते, पण छिन्नीची बारीक खूण त्यातून प्रकट होत नाही. ती हवी असेल तर अरुंद किरणाचं यंत्र जवळ न्या, किंवा तेवढ्या भागासाठी फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मोजमाप) करा.

१. ट्रायपॉडचे पाय फरशीवर नीट रोवले आहेत याची खात्री करा. हलणाऱ्या फरशीवर यंत्र लावू नका.
२. आधी कमी रिझोल्यूशनचा पूर्ण फेरा घ्या, मग अभ्यासाच्या भागाचा बारीक स्कॅन.
३. टार्गेट वेगळी, जास्त रिझोल्यूशनने घ्या.
४. बारीक स्कॅन एकाच जागेवरून दोनदा घ्या. मधून माणूस गेला तर कळतं आणि नॉइजचा खरा आकडाही मिळतो.
५. दुसरी खेप असेल तर शक्य तेवढ्या जुन्याच जागांवर यंत्र लावा. कोन आणि अंतर सारखं राहिलं की त्यांच्यामुळे येणारी चूक दोन्ही बाजूंना सारखी येते.

शेंदूर लावलेल्या आणि तेलाने चकाकणाऱ्या मूर्तींवर लेझर आरशासारखा उडतो आणि बिंदू भलतीकडे जातात. शिवाय शेंदराचे थर दरवर्षी वाढतात. असे भाग आधीच नोंदवून विश्लेषणातून बाहेर ठेवा. संगमरवरी फरशी किंवा मूर्ती असेल तर प्रकाश दगडात थोडा आत शिरून परततो आणि अंतर चुकीचं येतं. बेसाल्टसाठी ठरवलेली अचूकता तिथे लागू पडत नाही.

इशारा: भिंत ओली असेल तर थांबा. बरेच स्कॅनर १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश वापरतात आणि पाणी तो चांगलाच शोषतं. आधीच काळा असलेला दगड भिजला की परतणारा प्रकाश आणखी घटतो.

तपासणी: जागा सोडण्यापूर्वी शून्य-चाचणी करा. त्याच भिंतीसमोर ट्रायपॉड हलवून, तासाभराने, सगळं काम पुन्हा करा आणि दोन्ही संच स्वतंत्रपणे नियंत्रण बिंदूंवर बसवा. तासाभरात दगड झिजलेला नसतो, म्हणून फरक शून्य यायला हवा. जो येईल तो तुमच्या मोजणीचा तळ आहे. तो अंदाजपत्रकापेक्षा मोठा असेल तर चूक शोधून मगच घरी जा.

## ७. रजिस्ट्रेशन

सॉफ्टवेअर दोन पॉइंट क्लाउड (स्कॅनमधल्या बिंदूंचे संच) आपोआप एकमेकांवर बसवून देतं. एकाच दिवशीच्या, शेजारशेजारच्या स्कॅनसाठी ते ठीक. दोन वेगळ्या वर्षांच्या खेपांसाठी मात्र झिजलेली भिंतच एकमेकींवर बसवली, तर सॉफ्टवेअर झीज दोन्हीकडे वाटून टाकतं. फरक सगळीकडे थोडाथोडा पसरतो आणि खरी जागा पुसली जाते. सगळ्यात जास्त अहवाल इथेच बिघडतात.

क्रम असा ठेवा: आधी एका खेपेतले स्कॅन आपसात, मग तो पूर्ण संच नियंत्रण बिंदूंवर. दुसरी खेपही तशीच, पहिलीकडे न पाहता. शेवटी बाजूला ठेवलेली टार्गेट तपासा. सॉफ्टवेअर जी ‘सरासरी चूक’ दाखवतं ती त्याने स्वतः वापरलेल्या टार्गेटची असते आणि ती नेहमी गोड दिसते. अंदाजपत्रकात न वापरलेल्या टार्गेटवर आलेला आकडा घाला.

## ८. साफसफाई आणि निर्देशांक

माणसं, गवत, तारा हाताने काढा. कडांवर ठिपक्याचा अर्धा भाग पुढच्या दगडावर आणि अर्धा मागच्यावर पडतो, त्यामुळे हवेत तरंगणारे बिंदू येतात. तेही काढा. पृष्ठभाग ‘गुळगुळीत’ करणारा कुठलाही फिल्टर लावू नका आणि मोजणीसाठी जाळी (बिंदू जोडून केलेला सलग पृष्ठभाग) बनवू नका, ती कडा गोल करते.

फाइलींमधल्या दोन गोष्टी गुपचूप मिलिमीटर खातात. लास (LAS) या फाइलप्रकारात बिंदू पूर्णांकात साठवले जातात. स्केल ०.००१ ठेवला की सगळं १ मिमीवर गोळाबेरीज होतं. तो ०.०००१ ठेवा. दुसरी गोष्ट, यूटीएम निर्देशांक, म्हणजे नकाशावरचं मीटरमधलं स्थान. सिन्नरच्या परिसरात उत्तरेकडचा आकडा साधारण २१ लाख ९५ हजार मीटर येतो. ३२-बिटच्या दशांश आकड्यात एवढ्या मोठ्या संख्येची सगळ्यात लहान पायरी २५ सेंमीची असते. भिंत पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागली तर कारण हेच. क्लाउडकंपेअर (पॉइंट क्लाउड ताडण्याचं सॉफ्टवेअर) फाइल उघडताना आकडा सरकवू का विचारतं, तेव्हा होकार द्या आणि सरकवलेला आकडा वहीत लिहा. त्याहून बरं म्हणजे मंदिरापुरती स्थानिक चौकटच वापरा.

## ९. पृष्ठभागाचं विश्लेषण

एकाच खेपेतून. पूर्ण भिंतीला एकच प्रतल बसवलं तर भिंतीचा फुगवटा किंवा कल दिसतो, दगडाची झीज नाही. झिजेसाठी प्रत्येक दगड वेगळा घ्या, त्यावरचा शाबूत घडीव भाग निवडा, त्या भागाला प्रतल बसवा आणि तिथून खोली मोजा. शाबूत भाग उरलाच नसेल तर त्या दगडाची खोली सांगू नका. खडबडीतपणा काढताना त्रिज्या, म्हणजे प्रत्येक बिंदूभोवतीचा किती भाग हिशेबात घेतला ते, लिहायलाच हवी: २ सेंमी त्रिज्येला बेसाल्टमधल्या गारगोट्या आणि झिओलाइट गळून पडलेली छिद्रं दिसतात, २० सेंमीला अख्खा पापुद्रा दिसतो. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते एकमेकांशी ताडता येत नाहीत.

दोन खेपांतून. क्लाउडकंपेअरमधली एम३सी२ ही पद्धत वापरा. ती पृष्ठभागाच्या लंबदिशेत अंतर मोजते आणि प्रत्येक जागेची खात्रीची मर्यादाही देते.

१. लंबदिशा काढायचा व्यास खडबडीतपणाच्या २० ते २५ पट ठेवा. खडबडीतपणा २ मिमी असेल तर ४ ते ५ सेंमी.
२. मोजणीच्या नळीचा (लंबदिशेतला ज्यातले बिंदू मोजले जातात तो दंडगोल) व्यास असा निवडा की आत दोन्ही खेपांचे किमान ३० बिंदू येतील.
३. रजिस्ट्रेशनच्या चुकीच्या रकान्यात सातव्या टप्प्यातला आकडा भरा. तो रकाना शून्य ठेवला की नकाशा दिसायला सुंदर होतो आणि खोटा होतो.
४. जिथे फरक मर्यादेपेक्षा कमी आहे तो भाग रंगवू नका.

कोरीव कामात नळी एका थरावरून दुसऱ्यावर उडी मारते. नळीची खोली थरांमधल्या अंतरापेक्षा कमी ठेवली की हे टळतं.

## १०. परताव्याची तीव्रता

प्रत्येक बिंदूसोबत परत आलेल्या प्रकाशाची तीव्रताही मिळते. १५५० नॅनोमीटरच्या स्कॅनरवर ओलीचे पट्टे, चुन्याचे जुने हात आणि सिमेंटची डागडुजी त्यात वेगळी उठून दिसते. पण कच्चा आकडा अंतर आणि कोनावर अवलंबून असतो. अंतराच्या वर्गाने गुणण्याची साधी दुरुस्ती जवळच्या काही मीटरांत चालत नाही, कारण बरीच यंत्रं तिथे प्रकाश मुद्दाम दाबतात. परावर्तन ठाऊक असलेले दोन-तीन फलक वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून त्या यंत्राचा स्वतःचा तक्ता बनवा. तेवढी सोय नसेल तर एकाच जागेवरच्या, सारख्या कोनाच्या भागांचीच तुलना करा.

शेवाळ की नुसता काळा डाग, हे तीव्रतेवरून ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी प्रतिदीप्ती लायडार हे वेगळं साधन आहे: अतिनील लेझर पडला की हरितद्रव्य ६८५ आणि ७४० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देतं. स्वीडनमधल्या लुंड आणि इटलीतल्या पार्मा इथल्या कॅथेड्रलांवर असं काम झालं आहे. त्यातला लेझर साध्या स्कॅनरसारखा डोळ्यांना निर्धोक नसतो, त्यामुळे तो भाविकांची ये-जा असलेल्या आवारात नेण्याचा विचार करू नका.

## ११. नकाशा घेऊन पुन्हा भिंतीपाशी

नकाशावरच्या किमान १० जागा निवडा: काही लाल, काही निळ्या, काही बदल नसलेल्या. कडेने उजेड टाकून डोळ्यांनी पाहा आणि परवानगी असेल तिथे मऊ टोकाच्या प्रोफाइल गेजने (पृष्ठभागाचा उंचसखलपणा टिपणारं हातातलं साधन) खोली घ्या. कोरीव भागाला गेज लावू नका. निळ्या जागी बहुधा कोळ्याचं जाळं, पक्ष्यांची घाण, दगडफूल किंवा शेंदूर सापडतो. पण तिथे फुगलेला, सुटायच्या बेतातला पापुद्रा निघाला तर तो तातडीचा आहे. लाल जागी दगड आधीच गेलेला असतो, निळ्या जागी तो अजून वाचवता येतो. म्हणून पडताळणी निळ्यापासून सुरू करा.

## १२. काय जतन करायचं

स्कॅनरच्या मूळ फाइली, ई५७ (पॉइंट क्लाउडचा खुला फाइलप्रकार) प्रत, टोटल स्टेशनची वाचनं, टार्गेटची यादी, न वापरलेल्या टार्गेटवरची चूक, शून्य-चाचणीचा निकाल, एम३सी२ चे सगळे आकडे आणि नियंत्रण खांबांचे फोटो, जवळून एक व लांबून एक. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि एक संच स्मारकाच्या संरक्षक कार्यालयाकडे द्या. पुढच्या खेपेला तुमची संस्था नसेल, सॉफ्टवेअर बदललेलं असेल आणि खांबांभोवती गवत माजलेलं असेल. तेव्हा येणाऱ्या माणसाला खांब सापडावेत म्हणून मंदिराच्या ठळक कोपऱ्यांपासूनची अंतरं टेपने मोजून कागदावरही लिहून ठेवा.